टोपीचा खर्च

कसबा पेठेत आमचं घर तांबट आळीच्या तोंडाशी. इथे कुणाकडे काय शिजतंय तेही शेजारणींना ठाऊक असतं. त्यामुळे मला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा मी औषधापेक्षा केसांच्याच धास्तीत होते. केस गेले की आजार न सांगता जगजाहीर होतो. शिवाय माझ्या आजीच्या आत्याचं केशवपन झालेलं. घरातून कुणी शुभकार्याला निघालं की तिला आतल्या खोलीत बसवत, असं आजी सांगायची. बाईच्या केस नसलेल्या डोक्याला आपल्याकडे असा जुना अर्थ आहे.

डॉक्टरांनी कोल्ड कॅप, म्हणजे थंड टोपी सुचवली. औषध सुरू होण्याआधी अर्धा तास ती घालायची आणि सलाईन संपल्यावरही तास-दीड तास ठेवायची. गारव्यानं डोक्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, केसांच्या मुळांशी औषध कमी पोहोचतं. रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत आणि इतरांनाही हमखास गुण येतोच असं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातली एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत टोपी घातलेल्या निम्म्याहून अधिक बायकांचे केस टिकले. न घातलेल्यांपैकी एकीचेही नाहीत.

माझे बरेचसे टिकले. विमा कंपनीनं केमोथेरपीचं बिल मंजूर केलं, टोपीचा खर्च मात्र कापला. शेरा होता, 'सौंदर्यविषयक'. टेबलामागच्या मुलाला मी म्हटलं, "बाळा, मी लग्नाला निघाले नव्हते रे." तो ओशाळला, पैसे काही मिळाले नाहीत.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं कायदा करून जानेवारी २०२६ पासून अनेक विमा योजनांवर हा खर्च बंधनकारक केला. आपल्याकडे तसं होईल तेव्हा होवो, तोवर एवढं करा. टोपी पहिल्या डोसपासूनच लागते, तेव्हा चौकशीही त्याआधीच करा. तिची गरज डॉक्टरांकडून लिहून घ्या, कंपनीचं उत्तरही लेखी मागा. नकार पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे, फी लागत नाही.

हे मला उशिरा कळलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर केमो घेणाऱ्या बाईनं टोपीचा भाव ऐकून "राहू द्या" म्हटलं होतं. तिसऱ्या खेपेला ती डोक्यावरून पदर घेऊन आली. परवा लोकपालांकडे अर्ज लिहिताना तीच डोळ्यांपुढे होती.