चारचा गजर आणि दोनचा पेपर

लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडला क्लासेसच्या वस्तीत रात्री साडेबारा-एकला एक चक्कर मारून पाहा. खोल्याखोल्यांतून ट्यूब जळत असतात. यातल्या पुष्कळ मुलांनी गजर लावलेला असतो पहाटे चारचा. पहाटेचा अभ्यास लक्षात राहतो, हे आपण आजोबांपासून ऐकत आलो. आजोबांचं चुकत नव्हतं. फक्त ते रात्री नऊला अंथरुणावर पडत, एवढं सांगायचं राहून गेलं.

मी झोपेचा अभ्यास करतो. लातूर पॅटर्ननं खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण झोप काही आपल्या मर्जीनं चालत नाही. आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तेच आपलं घड्याळ. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण घड्याळाविना दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला प्रयोग संपल्याचं त्याला कळवलं, तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच होता! तारखा चुकल्या, पण झोपण्या-उठण्याचा फेरा मात्र चोवीस तासांहून जरासाच लांब, नेमानं चालू होता.

वयात येताना हे घड्याळ मागे पडतं. सोळा-सतराच्या मुलाला रात्री लवकर झोप येत नाही, तो बहुतेक वेळा आळस नसतो. त्या वयाला झोप लागते आठ ते दहा तास. एकला झोपून चारला उठणाऱ्याच्या वाट्याला येतात तीन. त्यात कापली जाते ती मुख्यतः पहाटेची, स्वप्नांची झोप. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेतच. म्हणजे क्लासची फी भरून मिळवलेलं आपणच रात्री सांडून टाकतो.

मग मुलं झोपत का नाहीत? इथे मला वटवाघळं आठवतात. मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधाऱ्या गुहेत एकेकटं वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवून पाहिलं. गुहेत थवा राहत असला, की कोंडलेलं वटवाघूळ उजेड न दिसताही थव्याच्याच वेळा पाळायचं. थवा नसला, की त्याचं घड्याळ आपल्याच चालीनं सरकत जायचं. समोरच्या खोलीतली ट्यूब चालू आहे तोवर पुस्तक मिटायची छाती होत नाही, असं एका मुलीनं मला सांगितलं होतं. समोरची मुलगीही हिचीच ट्यूब बघून जागत असणार!

त्यात धास्ती. कॉर्टिसॉल हे संप्रेरक रात्री उतरतं, पहाटे चढू लागतं. जिवाला घोर लागला, की ते रात्री नीट उतरत नाही, शरीर पहाऱ्यावर राहतं. लातूरकरांना हे पुस्तकातून शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून दमून झोपलेल्या किल्लारी-सास्तूरवर घरं कोसळली. त्यानंतर शाबूत घरांतली माणसंसुद्धा कितीतरी दिवस अंगणात पडून राहायची, आणि अंग कितीही दमलं तरी डोळा लागायचा नाही. निकालाची भीती एवढी मोठी नसते. पण बापानं कर्ज काढून पाठवलेल्या पोराला ती लहानही वाटत नाही.

पालक विचारतात, "सर, किती वाजता उठवू?" मी विचारतो, पेपर किती वाजता आहे? 'नीट' दुपारी दोनला सुरू होते. जेवणानंतर डोळे जड होण्याचीच ती वेळ, आणि चारला उठलेल्याची तर तेव्हा पेंगायची पाळी. निदान शेवटचे दोन महिने तरी अकरा ते सात झोपू द्या. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, कारण त्यातलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. उठल्यावर थोडा वेळ गच्चीवर उजेडात जावं, मागे पडलेलं घड्याळ त्यानं पुढे सरकतं. सराव पेपर दुपारी दोनलाच सोडवावा. वसतिगृहं चालवणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की अकराला सगळ्या खोल्यांचे दिवे एकदम बंद करा. एकट्यादुकट्या मुलाला ते जमणार नाही.