चित्राची आठवण आणि शब्दाची करामत



“चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही आठवत नाही,” असे आपण सारेच म्हणतो. यावरून चित्र टिकते आणि शब्द उडून जातो, असे म्हणण्याची घाई मात्र आम्ही करणार नाही. चेहरा पुढे उभा असतो. नाव मनातून शोधून काढावे लागते. दोघांना एकच कसोटी लावली, तरच न्याय होईल.

रॉजर शेपर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली तशी कसोटी लावली. काही जणांना त्यांनी ६१२ चित्रे दाखविली, काहींना ५४० शब्द. मग पाहिलेले एक व न पाहिलेले एक अशा जोड्या पुढे ठेवून पाहिलेले ओळखावयास सांगितले. शब्दांच्या बाबतीत शेकडा ८८ उत्तरे बरोबर आली, चित्रांच्या बाबतीत ९७. पुढे १९७३ साली लायोनेल स्टँडिंग यांनी पाच दिवसांत १०,००० चित्रे दाखविली; तरीही शेकडा ८३ वेळा ओळख पटली. कॅनडाचे ॲलन पैव्हिओ यांनी याचे कारण सांगितले ते असे : ‘आंबा’ हा शब्द वाचला की बहुधा शब्दच मनात राहतो, आंब्याचे चित्र पाहिले की रूपही राहते आणि नावही. एक वाट बुजली तरी दुसरी उरते.

तर मग डोळ्यांनी पाहिलेल्यावर निःशंकपणे विसंबावे काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची फिल्म दाखविली. वेग विचारताना काहींना ‘मोटारी धडकल्या तेव्हा’ असे विचारले, तर काहींना ‘मोटारी जोराने आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाचा कडक शब्द वापरून विचारले. आठवड्याने प्रश्न केला, फुटलेल्या काचा पाहिल्यात काय? काचा मुळी नव्हत्याच! पण पहिल्या ५० जणांपैकी ७ जण ‘होय’ म्हणाले, दुसऱ्या ५० पैकी १६ जण.

यांपैकी कोणी खोटे बोलत होते, असे मानण्याचे कारण नाही. एका शब्दाने त्यांच्या आठवणीत काचा आणून टाकल्या. न्यायालयातील प्रामाणिक साक्षीदाराचेही असे होऊ शकते. म्हणून त्याने काय पाहिले याबरोबरच, त्याला पूर्वी कोणी कोणत्या शब्दांत विचारले, हेही तपासले पाहिजे. आज आपल्या हातातील फोनवर रोज छायाचित्रे येतात, आणि त्यांखाली कोणीतरी चार ओळी लिहिलेल्या असतात. चित्र मनात राहणारच. त्या चार ओळी आधी पारखून घ्याव्यात, एवढीच आमची विनंती आहे.