मुक्कामावरून वाट ओळखू नका

स्नातक मित्रांनो,

अभिनंदन. अभिनंदनाचं काम आज घरची मंडळी अधिक आपुलकीनं करतील, म्हणून मी थेट बालविकासाच्या अभ्यासक ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांच्याकडे वळतो. आंतरराष्ट्रीय परिषदांत दुभाष्याचं काम करणाऱ्या या बाई दुसऱ्यांचे विचार बोलून दाखवण्याला कंटाळल्या, जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याकडे मानसशास्त्र शिकल्या आणि पुढे गुरूशीही वाद घालू लागल्या. १९९२च्या ‘बियाँड मॉड्युलॅरिटी’ या पुस्तकात त्यांनी मांडलं, की प्रौढ मेंदूत भाषा, आकडे, चेहरे यांची जी वेगवेगळी खाती दिसतात, ती जन्मतः तयार नसतात. वाढीच्या ओघात हळूहळू घडत जातात. २०१६ साली त्या गेल्या, तोवर हाच मुद्दा त्या वेगवेगळ्या पुराव्यांनिशी मांडत राहिल्या.

त्यातला सर्वांत बोलका पुरावा विल्यम्स सिंड्रोमचा. सातव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गहाळ झाल्यानं हा विकार होतो. मोठेपणी या विकाराच्या व्यक्ती ओघवतं बोलतात, हिशेबात मात्र अडखळतात. त्यावरून भाषेचं खातं शाबूत आणि आकड्यांचं जन्मतःच बिघडलेलं, असा निष्कर्ष अनेकांनी काढून टाकला. १९९९ साली कार्मिलॉफ-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अशा बाळांनाच तपासलं, तेव्हा चित्र उलटं निघालं. लहान संख्यांमधला फरक ही बाळं व्यवस्थित ओळखत होती. शब्द समजण्यात मात्र ती डाउन सिंड्रोमच्या बाळांइतकीच मागे होती. प्रौढ माणसाकडे पाहून बाळाची सुरुवात सांगता येत नाही, आणि बाळाकडे पाहून शेवटही. निरोगी वाढीतही हेच आहे. मानसशास्त्रज्ञ जेनेट वर्कर यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतं. वर्षाचं होता होता ते कसब ओसरतं. आईबापांना न जमणारी गोष्ट बाळाला येत असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मेंदूशास्त्रज्ञ ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीच्या आठवड्यांत मिटून ठेवला, तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली. मग काही दारं लवकर बंद होतात हे खरंच नाही का? खरं आहे. पण कोणतं दार, किती बंद, हे कसं कळणार? मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात भारतातल्या जन्मांध मुलांवर बऱ्याच उशिरा, आठ-दहा वर्षांनंतरसुद्धा, शस्त्रक्रिया झाल्या. त्यांच्या नजरेची तीक्ष्णता अपुरी राहिली, तरी वस्तू ओळखणं पुष्कळ सुधारलं. मुलांचा पाठपुरावा केला म्हणून हे कळलं. दुसरा आक्षेप व्यवहाराचा : डॉक्टरला आज निर्णय घ्यावा लागतो, त्यानं वीस वर्षं थांबायचं का? मुळीच नाही. बुखारेस्टच्या अनाथालयांतली १३६ मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागून एका गटाला पालक-कुटुंबं दिली गेली, तेव्हा वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत अशा कुटुंबात गेलेल्यांची प्रगती बऱ्याच बाबतींत अधिक झाली. मदत लवकर द्यावीच. पण लवकर मदत देणं वेगळं आणि लवकर निकाल देणं वेगळं.

मुलांची वाढ अभ्यासणाऱ्या आमच्या व्यवसायाला निकालच सोयीचा पडतो, हे जुनं दुखणं आहे. अनुदान तीन वर्षांचं, प्रबंध पाचाचा, बढती शोधनिबंधांच्या संख्येवर. मूल मात्र आपल्या गतीनं वाढतं. मग पाच वर्षांची काही मुलं आणि दहा वर्षांची दुसरीच मुलं एकाच महिन्यात तपासायची, मधे रेघ ओढायची आणि तिला विकास म्हणायचं. अशी तुलना निरुपयोगी नाही. ती प्रश्न सुचवते. पण उत्तर म्हणून ती छापली, की तिच्याच आधारानं बाहेर दुकानं उभी राहतात. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचण्या आणि मधला मेंदू जागवण्याचा दावा करणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग आपल्या शहरांत पालकांना विकले गेले. त्यांना शास्त्राचा आधार नाही, मात्र शास्त्राची भाषा आमच्याकडूनच उसनी घेतलेली आहे.

उद्या मुलाबद्दल असा निकाल देणाऱ्या कागदाखाली तुमची सही मागितली जाईल, कारण आजपासून तिला किंमत आली आहे. माझं मागणं एकच. मुलाच्या प्रत्येक अहवालावर तपासणीच्या दिवशीचं वय लिहा आणि पुन्हा कधी तपासायचं ती तारीख लिहा. ती तारीख घालायला कोणी नकार दिला, तर सही करू नका.