वार्धक्यातील दृष्टी आणि विजेचा उपचार
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात रोडपाली येथे केलेले भाषण)



गेल्या वर्षी आमच्या मातोश्रींना दाराची चौकट मध्येच वाकडी दिसू लागली. माणसाचे अंग दिसे, पण चेहरा पुसल्यासारखा वाटे. 'वय झाले, मोतीबिंदू असेल,' असे म्हणून आम्ही स्वस्थ राहिलो. पुढे कोणीतरी पापण्यांवर सौम्य वीज सोडणारे यंत्र आणून दिले. त्या आशेवर चार महिने गेले. अखेर नेत्रतज्ज्ञांनी तपासले तेव्हा विकार पीतबिंदूचा निघाला आणि उजव्या डोळ्याची मधली नजर कायमची गेली होती. ही चूक आपणांपुढे कबूल करावी, म्हणून आज उभे आहोत.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, सुई ओवणे, चेहरा ओळखणे ही कामे त्याची. उतारवयात तो झिजतो. शुष्क प्रकारात ही झीज संथ असते. आर्द्र प्रकारात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझरतात व नजर थोड्याच आठवड्यांत जाऊ शकते. या दुसऱ्या प्रकारावर डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आहेत. ती वेळेवर मिळाली तर उरलेली नजर बहुधा टिकते.

विजेची कल्पना निव्वळ थोतांड नव्हे. १७५५ साली फ्रान्समध्ये शार्ल ल रुआ या वैद्याने एका अंध तरुणाला विजेचे झटके दिले. त्याला ज्वाळा दिसल्या. दृष्टी मात्र आली नाही. आजही सौम्य प्रवाहाने पेशी जगविता येतील काय, याचे प्रयोग चालू आहेत. पण पीतबिंदूच्या ऱ्हासावर तो सिद्ध उपचार ठरलेला नाही. २०२५ साली युरोपातील ३८ रुग्णांवरील एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. दृष्टिपटलाखाली २ मिलिमीटरची चकती बसविली. चष्म्यातून येणाऱ्या अदृश्य किरणांचे ती विजेत रूपांतर करते. वर्षअखेर तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांची नजर लक्षणीय सुधारली. परंतु त्यासाठी शस्त्रक्रिया व महिनोन्‌महिने सराव लागला, आणि ती सोय शुष्क विकाराच्या अखेरच्या अवस्थेसाठी आहे. पापणीवर टेकवावयाच्या यंत्राशी तिचा संबंध नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. घरातील वडीलधाऱ्यांना एकेक डोळा झाकून चौकटीकडे अथवा दिनदर्शिकेच्या चौकोनांकडे पाहावयास सांगावे. रेषा वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. पनवेल आपणांस दूर नाही. विडी-सिगारेट सोडावी, कारण धूम्रपानाने हा विकार बळावतो. ज्यांनी येथील शेते कसली आणि तीच शेते इमारतींखाली जाताना पाहिली, त्यांची नजर आपल्या आळसापायी जाऊ नये.

मातोश्रींच्या डाव्या डोळ्यात विकाराची सुरुवात होती; तो इंजेक्शनांनी सावरला आहे. त्या डोळ्याने त्या नातवंडांचे चेहरे ओळखतात. उजव्याचे ऋण मात्र आमच्यावर राहिले. आपणांवर तशी पाळी न येवो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.