पर्यावरणाचा प्रश्न आणि शिक्षकाची तयारी



पर्यावरण हा विषय अनिवार्यपणे शिकविला जावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. विषय आला, परंतु प्रश्न बहुधा एकाच उत्तराचे राहिले. ऊस लावावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र विज्ञानाबरोबरच घरच्या चुलीशीही निगडित असते. वर्गात ऊस-बागायतदाराचे मूल असते, तसेच कोरड्या विहिरीच्या मालकाचेही. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरविते. अध्यापक विद्यालयातील छात्राध्यापकांनीही आपल्या परिसरातील गावाचा असा ताळेबंद स्वतः मांडावा आणि त्यावर चर्चा करावी. आधी मोजमाप, मग मतभेद, शेवटी निर्णय, हा क्रम ज्याने स्वतः अनुभवला, तोच शिक्षक निकाल न सुनावता मुलांना विचार करावयास शिकवू शकेल.