पायी चालणाऱ्यांचा रस्ता



चेन्नईतील त्यागरायनगरच्या पाँडी बझारात साडीखरेदीला आपण सारेच जातो. पूर्वी तेथे मुलांचे हात घट्ट धरून मोटारींमधून वाट काढावी लागे. २०१९ च्या नोव्हेंबरात तेथील रुंद पदपथ खुले झाले. आता आमची वडीलधारी मंडळी तेथे निवांतपणे बाकावर टेकतात. या कामाचे आम्ही मुक्तकंठाने स्वागत केले, आणि ते योग्यच होते. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत ३२,८२५ पादचारी मृत्युमुखी पडले.

पण स्वागताला खर्च काय येतो? आरतीच्या वेळी मंडळासमोरचा पदपथ आमच्याच मोटारी अडवतात, आणि शेजारच्या वृद्ध तमिळ आजींना भर रस्त्यातून चालावे लागते. हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. बोललो नाही, कारण त्यांत आमचीही मोटार असे.

यंदाच्या गणेशोत्सवात पदपथावर एकही वाहन उभे करू नये, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. सूचक आम्हीच, अनुमोदक अद्याप मिळावयाचा आहे.