काळ खरा की मनाचा?



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. परवा पारावर एका शिकलेल्या पोरानं आम्हाला विचारलं, "बुवा, काळ खरा असतो का मनाचा खेळ?" आम्ही चौथी शिकलेले. पण प्रश्न डोक्यातून हलंना.

दिवस साठ घटकांचा, घटका चोवीस मिनिटांची. हे माप राजाला अन् रंकाला सारखंच. पण बघा, पुणे ते सासवड तीस किलोमीटरच्या वरची चाल, मधी दिवे घाट. टाळाच्या ठेक्यात घाट कधी सरला ते कळत नाही. अन् २०२० साली पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. तवा आम्ही घरी बसून होतो. पाय दुखत नव्हते, तरी एकेक दिवस महिन्याएवढा. घड्याळ तेच होतं. मग दिवस लांबवला कुणी? मनानं.

मग काळ खोटा म्हणावा का? तर मन म्हणतं म्हणून बाजरी चार दिवसांत निसवत नाही. वापसा गेला की गेला.

आता आमचीच चूक सांगतो. आमचे वडील याच दिंडीत वीणा घेऊन चालायचे. शेवटच्या दुखण्यात एका रात्री म्हणाले, "जरा बस, हरिपाठ म्हणू." आम्ही म्हणालो, "दादा, वेळ नाही. लाईट रात्रीची आहे, उसाला दारं धरायचीत." पहाटे माघारी आलो, तर वडील गेलेले. ऊस एका दिवसात वाळला नसता.

त्याला वीस वर्षं झाली. मनानं ती रात्र हजारदा उभी केली, पण एक घटका माघारी आणता आली नाही. काळ नुसता मनाचा असता, तर आम्ही ती आणली असती.

म्हणून आमच्या अडाणी बुद्धीला एवढंच उमगलं, की काळ खरा आहे, तो देवाच्या हातात. लांब का आखूड, ते आपल्या मनावर. त्या रात्री वेळ होता, आमचं मन उसात होतं.

पुंडलिकानं आईबापाच्या सेवेपायी देवाला विटेवर थांबवलं. आम्ही उसापायी बापाला थांब म्हणालो. देव थांबला, बाप थांबत नसतो.

घरी कुणी म्हातारं "जरा बस" म्हणालं, तर बसा, माउली. अधिकउणं बोललो असू तर पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!